तंतूबाईचा माग

माझी लेक सध्या दिवस मोजतेय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी दूध प्यायच्या आधी एक फुली मारते आणि मग उरलेली घरं मोजून दाखवते. ‘तळपार’च्या सहाही पुस्तकांवर सिनेमे निघणार आहेत आणि त्यातला पहिला दिवाळीला येतोय. ती पुस्तकं तिनं माझ्याच कपाटातून काढून वाचली, म्हणजे दोष द्यायचा तर तो मलाच. परवा म्हणाली, "आई, यात तंतूबाईचा माग खराखुरा दाखवणार आहेत म्हणे." मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. दुसरीनंतर माझी मोजणी हरवली आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी भाताची खळ खाल्ली. आमच्या कुटुंबातल्या गोष्टी सांगायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणता मामा विहिरीत चष्मा पाडून परत पडलेला चष्मा बघायला वाकला, हे सगळं मी हातवारे करून सांगते आणि लोक पोट धरून हसतात. तळपारवर यापूर्वीही एकदा सिनेमा निघाला होता, ही गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं, कोसा म्हणजे टसर रेशीम विणणाऱ्यांचं. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज, आणि प्रत्येक घराचा निराळा. आमचा जरा लंगडा होता, खट्-खटक्, खट्-खटक्, कारण पायाखालची डावी पावडी सैल होती आणि बाबांना ती तशीच आवडायची. माग ओसरीला लागून असलेल्या खोलीत. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्याच्या काठावर बाबा बसायचे, पाय खाली पावड्यांवर, हात वर सूत आरपार नेणाऱ्या धोट्यावर, समोर ताण्याचे उभे धागे. खड्ड्यात ओल असते आणि ओल असली की कोशाचं सूत तुटत नाही. उन्हाळ्यात मात्र आमच्याकडची हवा अशी वाळते की सूत नुसतं बघितलं तरी तुटतं. शेजारी दाराच्या उजेडात आई लुगडं गुडघ्यावर घेऊन बसायची. उकडलेल्या कोशातून सूत काढून ते मांडीवर वळायचं काम तिचं. तिची उजवी मांडी खडबडीत आणि चकचकीत झाली होती. मला लहानपणी वाटायचं, सगळ्या बायकांची एक मांडी तशी असते. घरभर उकडलेल्या कोशांचा वास. त्याच चुलीवर नंतर लाखोरीच्या डाळीचं वरण आणि झिंग्याची चटणी व्हायची, त्यामुळे बाहेरची माणसं आमच्याकडे जेवायला फार उत्सुक नसत. आजही कोसा उकडल्याचा वास आला की मला भूक लागते. नवऱ्याला हे पटत नाही, त्याला उलटी येते.

पुस्तकं शाळेत आली ती एका खोक्यातून, कुठल्याशा योजनेची. त्याच वर्गात भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यात गोंदिया अजून आमच्यातच होतं. जिल्ह्याची वाटणी झाल्यावर गुरुजींनी लाल पेनानं मधून रेघ मारली होती आणि "पलीकडचं आता आपलं नाही" असं सांगून टाकलं होतं. खोक्यात तळपारची पाच पुस्तकं होती. तिसरं नव्हतंच. एका मोठ्या तळ्याच्या तळाशी एक देश असतो, ऊर्मी नावाची मुलगी बुडी मारून तिथं जाते, आणि तिथं तंतूबाई नावाची म्हातारी विणकरीण तिला भेटते. तंतूबाई मागावर जे कापड विणते ते नदीवर टाकलं की त्याचा पूल होतो. पुस्तकात त्याला सेतुवस्त्र म्हटलं होतं. बाबा म्हणत, पुलाचं कापड.

बाबांना वाचायची सवय नव्हती, ऐकायची होती. संध्याकाळी शाळेतून आले की मी खड्ड्याच्या काठावर त्यांच्या डाव्या बाजूला बसायची आणि मोठ्यानं वाचायची. धोट्याच्या तालावर वाचावं लागे. सूत तुटलं की थांबायचं, बाबा गाठ मारणार, मग पुढे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी लेखकाला पकडलं.

"काय म्हनते? एका रातीत विनलं?"

"हो बाबा. एका रात्रीत नदीएवढं कापड."

"आन ताणा कोनं लावला? तो का आभाळातून पडला?"

"जादूची आहे नं ती."

"जादू असो नाई तं काही असो. ताणा लावाले चार मानसं लागतात. हा लेखक कधी मागावर बसला नाई, बाई. लिवून ठेव."

मग मी लिहून ठेवायला लागले. चौथ्या पुस्तकात तंतूबाई उभ्यानं विणते. पाचव्यात धोटा दोन्ही वेळा उजव्याच हातानं फेकते. अशा एकवीस चुका झाल्या. तिसरं पुस्तक नव्हतं म्हणून ते आम्हीच रचलं. म्हणजे बाबांनी विणता विणता रचलं आणि मी मान डोलवली. त्यात तंतूबाई मागाची फणी घ्यायला तुमसरच्या बाजारात जाते आणि राक्षसाशी भावावरून असं भांडते की तो फणी फुकट देऊन पळतो. आई सूत वळता वळता एवढी हसली की तिचा धागा तुटला. आई हसली की बाबा मुद्दाम पावडी जोरात दाबायचे.

त्या एकवीस चुका मी लेखकाला कळवल्या. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकात होता. सातवीतल्या मुलीनं लिहिलेल्या त्या पत्राची भाषा आठवली की आजही कान गरम होतात. सुरुवातच ‘आपल्या अज्ञानाबद्दल राग नाही’ अशी होती. दीड महिन्यानं उत्तर आलं, सोबत तिसरं पुस्तक. लेखकानं लिहिलं होतं की एकवीसच्या एकवीस चुका कबूल, आणि तुझ्या बाबांना नमस्कार सांग. ते पत्र बाबांनी देवाच्या फोटोमागं खोचलं. तिसरं पुस्तक आम्ही वाचलं. आमच्यापेक्षा मिळमिळीत होतं.

दोन वर्षांनी, चैत्रात, आमच्या गल्लीत जीप आली. तळपारवर सिनेमा निघतोय ही बातमी मी पेपरातून कापून भिंतीला चिकटवलीच होती. जीपमधून उतरलेला चष्म्याचा तरुण त्याच सिनेमाचा, सेट उभारणाऱ्यांपैकी. लेखकानंच त्याला आमचा पत्ता दिला होता. त्यानं माग पाहिला, फीत काढून मोजला, फोटो काढले. डाव्या खांबावर खिळ्यानं मारलेल्या रेघा होत्या. दर दिवाळीला बाबा मला तिथं उभं करून माझ्या उंचीची रेघ मारायचे. त्या रेघांवरून त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "असलं जुनेपण आम्हाला बनवता येत नाही." मग त्यानं मागच मागितला. शूटिंग दोन महिन्यांचं, नंतर आणून देऊ. भाड्याचा विषय काढला तेव्हा बाबा लाजून हसले आणि तो तिथंच संपला.

गप्प बसायला हवं होतं तेव्हा मी बोलले. "साहेब, चौथ्या पुस्तकात चित्र आहे नं, अगदी तस्साच आहे आमचा," असं म्हणून पुस्तक आणून, पान उघडून दाखवलं. माग विकणारी एखादी मुरलेली बाई जशी बोलेल तशी मी बोलत होते.

आई चुलीपुढून उठून आली. तो जीपकडे गेल्यावर बाबांना म्हणाली, "काहून जी, डोकं फिरलं का तुमचं? मागाले कोनी परगावी धाडते का?"

"दोन महिने तसाही बंदच राहते. सूत टिकत नाई. पाऊस लागाच्या आंधी येऊन जाईन."

"आन नाई आला तं?"

"अवं, पुस्तकवाले लोकं आहेत ते. चुका कबूल करनारे."

"लेकराले समजत नाई, ठीक आहे. तुम्हाले तं समजते नं?"

लेकरू उपोषणाला बसलं. दीड दिवस मी जेवले नाही. मधे मधे गूळ-फुटाणे खाल्ले, पण ते लपून, त्यामुळे धरायचे नाहीत. आमचा माग सिनेमात दिसणार, पडद्यावर तंतूबाई आमच्या खोलीतल्या मागावर बसणार, आणि हे सगळं नको म्हणणारी माझी आई किती अडाणी, असं मी रडता रडता बोललेही. अडाणी हा शब्द मी वापरला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि बाबांना म्हणाली, "न्या म्हना."

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच अडलं. आमच्यात माग कधी पूर्ण रिकामा करत नाहीत. कापड संपलं की ते कापून घ्यायचं, पण फणीत ओवलेली जुन्या ताण्याची वीतभर टोकं तशीच ठेवायची. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला बोटावर राख घेऊन पिळून जोडायचा. बसून जोडत राहायचं, हजारावर धागे. म्हणजे आजचं सूत कालच्याला जोडलेलं, कालचं परवाच्याला, असं मागे मागे माझ्या आजाच्या हातापर्यंत. फणीतून सगळे धागे काढतात ते एकदाच, विणणारा माणूस गेला की. चष्मेवाला म्हणत होता, नुसता लाकडी सांगाडा द्या, धागे आम्ही लावू. बाबांनी ऐकलं नाही. रिकामा माग घराबाहेर पाठवायचा म्हणजे जिवंतपणी स्वतःचं सुतक धरायचं. फणी ठेवून घेतली असती तर निदान ती तरी राहिली असती. पण गल्लीतल्या कुठल्याही विणकरानं तेव्हा बाबांसारखंच केलं असतं, हे मला आजही ठाऊक आहे.

उलट त्यांनी जास्तच केलं. शेवटचा आठवडा पहाटे उठून, हवेत थोडी ओल असते तेवढ्या वेळात, त्यांनी दोन हात कापड विणलं, करवतकाठी, हळदीच्या रंगाचं, पुलाचं. ते मागावर तसंच राहू दिलं, पडद्यावर अर्धं विणलेलं दिसावं म्हणून. फणी आणि ताणा ओल्या फडक्यात गुंडाळला. सुट्या केलेल्या प्रत्येक लाकडावर खडूनं आकडे घातले आणि मला सांगून दोन फुलस्केप सूचना लिहून घेतल्या. बाईनं बसूनच विणावं. धोटा उजव्या हातानं फेकावा, डाव्यानं झेलावा, मग डाव्यानं फेकावा. धागा तुटल्यास ओढू नये. टेम्पो हलताना आईनं खांबाला हळदकुंकू लावलं आणि लगेच आत गेली.

पाऊस लागला. माग आला नाही. खड्ड्यात पाणी झिरपू नये म्हणून आई दर शनिवारी तो आतून सारवायची. मी एसटीडीवरून फोन लावायची. पहिल्यांदा "पुढच्या महिन्यात" म्हणाले, मग नुसती घंटी वाजायला लागली, आणि शेवटी कोणीतरी भलताच माणूस म्हणाला, "कुठला माग?" शूटिंग थांबलं होतं, परत सुरू झालं होतं, पेपरात काहीबाही येत होतं. ते प्रत्येक कात्रण मी भिंतीला चिकटवत होते. आमच्या घरात हिशेब साधा झाला होता. सिनेमा संपला की माग येणार. त्यामुळे तळपारच्या सिनेमाची वाट जेवढी आम्ही पाहिली तेवढी लेखकानंही पाहिली नसेल. बाबा काही दिवस दुसऱ्याच्या मागावर बसले. मग तुमसरच्या एका राईस मिलमध्ये लागले. संध्याकाळी यायचे तेव्हा भुवया कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "पाह्य बाई, सिनेमातला म्हातारा." मी एकदोनदा वाचून दाखवायचा प्रयत्न केला. पण मागाचा आवाज नसला की माझं वाचन शाळेतल्या प्रार्थनेसारखं व्हायचं, आणि बाबा खाटेवर बसल्या बसल्या झोपून जायचे.

दोन पावसाळे गेल्यावर सिनेमा आला. तुमसरला दुपारचा खेळ. बाबांनी लग्नातला कोशाचा सदरा घातला. आई आली नाही. "मी कायले? माग घरी आला का त्यालेच पाहीन," म्हणाली आणि आम्हाला डब्यात पोहे बांधून दिले.

पहिला तास आम्ही दोघं खुर्चीच्या टोकावर बसून होतो. मग झोपडी आली. तंतूबाई बसलेली होती, उभी नव्हती. बाबांनी माझा हात दाबला. आमचा माग होता. हळदीचं कापड, करवतकाठ. तिनं धोटा उजव्या हातानं फेकला, डाव्यानं झेलला, डाव्यानं फेकला. चार वेळा. मी चारही मोजले. सूचनांचे कागद कोणीतरी वाचले होते. मग बाहेर घोड्यांचा आवाज झाला आणि राक्षसाचे सैनिक आत शिरले. पुस्तकात हे नाही. सहाही पुस्तकांत कुठेच नाही. पुस्तकात तंतूबाई शेवटपर्यंत विणत राहते. इथं एकानं मशाल टाकली आणि कापड आधी पेटलं, मग ताणा सर्रकन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जळत गेला. कॅमेरा जवळ आला. डावा खांब पडदाभर झाला, त्याच्यावरच्या माझ्या उंचीच्या रेघांसकट, खालून वर, दहा दिवाळ्या. बालवाडीतली मी आधी जळाले. मागच्या रांगेत कोणीतरी शिट्टी वाजवली, आग फार छान दिसत होती.

बाबा उठले नाहीत. सिनेमा संपेपर्यंत बसले, नावं संपेपर्यंतही बसले. कदाचित नावांत आमचं नाव शोधत असतील. नव्हतं. एसटीत खिडकीजवळ बसल्यावर म्हणाले, "बाईनं धोटा बरोबर फेकला पन."

मोहाडी जवळ आलं तेव्हा म्हणाले, "तुज्या मायले काय सांगाचं?"

पोह्यांचा डबा उघडलेलाच नव्हता. गावाबाहेर नाल्यापाशी उतरून आम्ही पोहे कोंबड्यांना टाकले, रिकामा डबा घेऊन घरी गेलो.

आई दारातच दुसऱ्यांचं सूत वळत बसली होती. "दिसला?"

"दिसला," बाबा म्हणाले आणि पाय धुवायला मागे गेले.

मग मी सांगितलं. खाली बसून, हातवारे करून, सगळं सांगितलं. तंतूबाई आपल्या मागावर कशी बसली, लंगडा आवाज अगदी तसाच कसा आला, थेटरातले लोक कसे गप्प झाले, हळदीचं कापड नदीवर कसं पसरलं आणि त्याच्यावरून शंभर माणसं, बैलगाड्या, बकऱ्या कशा पार गेल्या. बकऱ्या मी ऐनवेळी घातल्या. आई सूत वळायची थांबली होती. तिनं विचारलं, "काठ दिसला का नीट?" मी म्हणाले, सगळ्यात जास्त काठच दिसला. "मंग आता आनून देतीन," ती म्हणाली. मी म्हणाले, हो, आता देतीलच. लोक म्हणतात मला गोष्ट सांगायची कला आहे. ती मला त्या संध्याकाळी आली, आणि मी ती अजून पोटापाण्यासारखी वापरते.

आई पुढचे आठ महिने खड्डा सारवत राहिली. बाबा शनिवारी तिच्याकडे न बघता बाहेर निघून जायचे. मी लेखकाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते चारच ओळींचं. तो प्रसंग पाहून मी उठून गेलो होतो, जळला तो तुमचा माग होता हे आज कळलं, या वेळी चूक कबूल करून काही उपयोग नाही. हे पत्र देवाच्या फोटोमागं गेलं नाही. मी ते तिसऱ्या पुस्तकात ठेवलं.

मग एका रविवारी दुपारी तळपार टीव्हीवर लागला. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूनं कौतुकानं आईला बोलावून नेलं, "ये वं, तुमचा माग पाहू." मी अंबाडी निवडत होते, मला पत्ताच नव्हता. आई परत आली ती नेहमीसारखीच. डोक्यावरचा पदर नीट केला, मला म्हणाली, "तू सांगतलं थेच बरं होतं, बाई." आणि परसातून घमेलं आणि फावडं घेऊन आली.

मी उठले. तिनं नको म्हटलं नाही. ती माती काढत होती, मी नेऊन खड्ड्यात टाकत होते. एका शब्दानं ती मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. अडाणी म्हटलं ते चुकलं, हे मी तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं, पण घमेलं जड होतं आणि मी ते निमित्त धरलं. संध्याकाळी बाबा मिलमधून आले, भुवया पांढऱ्या. दारात थांबून त्या बुजलेल्या जागेकडे बघितलं. मग चपला काढून तिच्यावर दोनदा पाय दाबून पाहिला, आधी उजवा, मग डावा. "माती बसाले वेळ लागन," म्हणाले. "घाई करून सारवू नको." आणि आम्ही जेवायला बसलो.

ती माती अजून बसतेच आहे. बाबा गेले. त्यांच्या वेळी फणीतून काढायला धागेच नव्हते, म्हणून गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी काय करावं यावर थोडा वेळ चर्चा केली आणि मग काहीच केलं नाही. दर पावसाळ्यानंतर त्या जागी जमीन चार बोटं खचते, बरोबर चौकोनी, आणि आई टोपलीभर माती टाकून वरून सारवते. यंदा तिच्यानं वाकवत नव्हतं म्हणून टोपली मी आणली. माझी लेक खाटेवर बसून बघत होती, दिवाळीचे दिवस मोजत. तिनं आजीला विचारलं, "आजी, इथंच का गं खड्डा पडतो?"

आईनं हातातलं पोतेरं बादलीत पिळलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुज्या मायले इचार," ती म्हणाली. "थे मस्त सांगते."